झाड तेच होतं

१

चष्मेवाल्या माणसाने बाटली टेबलावर आपटली नाही, हळूच ठेवली. आपटली असती तर बरं झालं असतं, असं बारकीला नंतर कितीतरी वेळा वाटलं.

"ह्यावर तुमची सही आहे," तो म्हणाला.

होती. तपकिरी काचेची बाटली, आत आरपार न दिसणाऱ्या मातकट कॅप्सूल, बाहेर हिरवं वेष्टन. वर ठळक अक्षरांत ‘अश्वगंधा मूळ’, खाली गोल शिक्का ‘डीएनए तपासणी : शुद्ध’, आणि शिक्क्याला खेटून बारकीची वळणदार सही.

"माझी बायको तरण तलावावर मुलांना पोहायला शिकवते. तिला आयुष्यात कधी धड सर्दी झाली नाही. झोप नीट लागेना म्हणून ह्या गोळ्या सुरू केल्या. आता डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. यकृताला सूज आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी बिघडलं तर सांगता येत नाही." एवढं बोलून तो थांबला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "दुकानात दुसऱ्याही बाटल्या होत्या. मीच म्हटलं, ही घे, हिच्यावर तपासणीचा शिक्का आहे."

बारकीने बाटली उचलली. "मी लगेच तपासते," ती म्हणाली.

"पुन्हा तुम्हीच?"

"ह्या कामाची इथे दुसरी प्रयोगशाळा नाही."

त्याने मान हलवली. विश्वासाने की नाइलाजाने, ते कळलं नाही. बारकी त्याला दारापर्यंत सोडायला गेली, जिना उतरेपर्यंत उभी राहिली आणि परत येऊन खुर्चीत बसली.

ती बाटली तिच्या वडिलांच्या कारखान्यातली होती. हे तिने त्याला सांगितलं नव्हतं.

२

खरं नाव वेगळं असलं तरी घरातलं शेंडेफळ म्हणून ती बारकी. पुढे ती झाडांच्या बारकोडिंगची प्रयोगशाळा चालवू लागली, तेव्हा दादाने ‘बारकोडवाली बारकी’ म्हणून इतकं पिडलं की ते नाव प्रयोगशाळेतही पोचलं. चेष्टा तिला आवडायची. कामच तसं होतं. झाडाच्या कणाकणात त्याचा डीएनए असतो. त्यातला एक ठरावीक तुकडा वाचायचा आणि ओळखीच्या झाडांच्या तुकड्यांशी ताडून पाहायचा. पूड कितीही बारीक असो, कुठलं झाड आहे ते कळतं. महागड्या केशरात करडई घालणारे, जटामांसीच्या नावाखाली भलतंच विकणारे कित्येक व्यापारी तिने उघडे पाडले होते.

आप्पांना मात्र लेकीच्या ह्या यंत्रांचं कधी कौतुक नव्हतं. त्यांनी हयातभर मूळ मोडून, हुंगून, जिभेवर ठेवून पारखलेलं. पण एकदा, दुपारची जेवणं झाल्यावर, त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या त्या चाचणीला काय काय कळतं गं? आणि काय कळत नाही?" बारकी हरखून गेली. चित्रं काढून काढून तिने सगळं समजावलं, आणि आप्पा शाळेतल्या मुलासारखे ऐकत राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्याच्या बाटल्यांवर तिचा शिक्का आला. बापाच्या मालावर लेकीची सही. तिला त्यात वावगं वाटलं नव्हतं. वाटला होता तो अभिमान.

तिने कॅप्सूल फोडली, पूड घेतली, चाचणी लावली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर उत्तर आलं.

अश्वगंधा. शंका घ्यायला जागाच नाही इतकी स्पष्ट.

बारकीने सुटकेचा श्वास सोडला आणि उत्तर घेऊन तडक इस्पितळ गाठलं. यकृताच्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "छान. झाड तेच आहे. भाग कुठला आहे?"

"म्हणजे?"

"मूळ की पान? मुळाने कोणाला कधीच त्रास होत नाही असं नाही. पण त्यात पान मिसळलेलं असेल तर माझी शंका कितीतरी वाढते. दोन्हींतली द्रव्यं सारखी नसतात. तुमची चाचणी हे सांगते ना?"

पानाचा डीएनए आणि मुळाचा डीएनए एकच. तिची चाचणी हे सांगत नव्हती. आणि वेष्टनावर ‘मूळ’ लिहिलं होतं, त्याखाली सही तिची होती.

३

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुना सूक्ष्मदर्शक कापड पांघरून पडून होता. यंत्रं हाताशी असताना डोळे कशाला फोडायचे, असं बारकीच सगळ्यांना म्हणायची. तिने कापड काढलं, धूळ पुसली, चिमूटभर पूड काचेवर घेतली आणि वर आयोडीनचा थेंब सोडला.

अश्वगंधेच्या मुळात पिठूळ कण ठासून भरलेले असतात. आयोडीन लागलं की काच निळीजांभळी व्हायला हवी. झाली, पण कुठे कुठे. बाकी सगळीकडे करपट हिरवे तुकडे, पानाच्या श्वासाची छिद्रं, आणि पानावरची ती फांद्या फुटलेली बारीक लव. अर्ध्याहून जास्त पूड पानांची होती.

हवं ते दिसलं आणि बारकीने भिंगावरून डोळा बाजूला केला.

तिने कळवल्यावर औषध निरीक्षक तिच्याकडे आला तेव्हा त्याला सर्दी झाली होती. तो रुमालाआडून बोलत होता. "कारखान्यातला साठा मी सील केलाय. खरं तर घरचं प्रकरण आहे, तुम्ही बाजूला व्हायला पाहिजे. पण हे काम दुसऱ्या कोणाला येत नाही. तुमचं उत्तर मी बाहेरून पडताळून घेईन. तोवर एवढंच सांगा : ही चूक असू शकते का? शेतावर मुळाबरोबर चुकून पानं आली असतील?"

"त्यासाठी दुसरी चाचणी करावी लागेल. पुडीत जेवढी म्हणून झाडं आहेत, अगदी कणभर असली तरी, ती सगळी वाचायची."

"करा. आणि घरच्यांशी बोला. तुमच्याशी मोकळं बोलतील."

बारकी आधी काकांकडे गेली. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, वैद्य. औषधांच्या कृती त्यांच्या, पण दादाशी बिनसल्यापासून ते कारखान्याची पायरी चढत नव्हते. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहत. खिडकीत कपडे वाळत घातलेले, आणि खलाचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"मी तेव्हाच सांगितलं होतं, चूर्ण विका," काका कडाडले. "चूर्ण जिभेला लागतं, नाकाला लागतं. खोटं असलं तर गिऱ्हाईकच तोंडावर फेकून मारतं. कॅप्सूल म्हणजे तोंड झाकलेला माणूस. आत कोण बसलंय ते कोणाला कळणार?"

"कॅप्सूलची कल्पना कोणाची?"

"मला काय विचारतेस? मी तेव्हा रुसून बसलो होतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "त्या पोहणाऱ्या बाई कशा आहेत?"

"तशाच आहेत."

काकांनी खल बाजूला सारला. "माझ्या सूत्रावर आलं म्हणायचं हे. लोक मलाच धरतील. धरू देत."

ते रागावले होते, दुखावले होते आणि त्यांना झाडपाला पुरेपूर कळत होता. दादाला अद्दल घडवायची असती तर ह्याहून सोपा मार्ग नव्हता. बारकी जिना उतरली तेव्हा तिच्या मनात काका जवळजवळ पक्के झाले होते.

दुसऱ्या चाचणीचं उत्तर आलं आणि ते संशयातून पार निसटले.

४

पुडीत अश्वगंधा होती, हे माहीत होतं. जे नव्हतं त्याने बारकी चक्रावली. शेतातून आलेल्या कुठल्याही मालात थोडं गवत, थोडं तण सापडतंच. ह्यात काही नव्हतं. पानं कोणीतरी हाताने एकेक करून निवडली होती. निव्वळ स्वस्तात भर घालायची म्हणून पान मिसळणारा असले कष्ट घेत नाही. ज्याला ठाऊक आहे की चाचणी परकं झाड पकडते आणि त्याच झाडाचं पान पकडत नाही, तोच घेतो. ही चूक नव्हती.

आणि ह्या धुतल्या तांदळासारख्या मालात एकच परकं नाव होतं, अगदी कणभर : मॅग्नोलिया.

बारकीने ते नाव दोनदा वाचलं. शेतावर हे सोनचाफ्याच्या जातकुळीतलं परदेशी झाड नव्हतं, कारखान्यात नव्हतं. आसपास कुठेच नव्हतं, एक जागा सोडून. आप्पांच्या घराच्या मागच्या अंगणात. आईने ती असताना हौसेने रोप मागवून लावलेलं, आता घराच्या वर गेलेलं. काकांच्या दोन खोल्यांत तर कुंडीसुद्धा नव्हती, आणि त्यांचं ह्या घरी येणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

पानं घरात निवडली गेली होती. त्या घरात तीन माणसं राहत होती. आप्पा, दादा आणि वहिनी.

तिने दादाला कारखान्यात गाठलं. सील लावलेल्या गोदामाबाहेर तो स्टुलावर बसला होता.

"खरेदी कोण बघतं, दादा?"

"तुला माहीत नाही? तुझी वहिनी."

"कॅप्सूलचं यंत्र कोणी घ्यायला लावलं?"

"घरातच ठरलं. हिनेच सगळी धावपळ केली." त्याने कपाळ चोळलं. "बारके, मी विक्रीत असतो. पोतं उघडून मी शेवटचं कधी बघितलं ते मला आठवत नाही. लाज वाटते सांगायला."

वहिनी आत वजनकाट्याजवळ उभी होती. तिने पदर खोचला होता आणि कामगारांना घरी सोडण्याआधी प्रत्येकाशी बोलत होती. बारकीने तिला बाजूला घेतलं.

"घरून कधी माल आला होता का, वहिनी?"

"आला होता. निवडलेला माल म्हणून पोती आली. मी जमा करून घेतली आणि दळायला लावली."

"उघडून पाहिलीस?"

"वरचं बघितलं. वर मुळंच होती."

"कोणी पाठवली?"

वहिनीची नजर दादाकडे गेली, तिथून बारकीकडे आली आणि खाली वळली.

"ते मी नाही सांगत," ती म्हणाली.

५

रविवारी दुपारी सगळे जेवायला एकत्र होते. बारकीने काकांनाही आणलं होतं. सगळ्यांसमोर एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं तिला वाटत होतं. आता त्या वाटण्याचं तिलाच आश्चर्य वाटतं. इतक्या थंडपणे ती कशी बोलली असेल?

तिने सगळं ओळीने मांडलं. पानं, निवडलेला स्वच्छ माल, अंगणातलं झाड. "चाचणीत काय सापडत नाही हे मी ह्या घरात मोकळेपणी बोलले होते. ते कोणीतरी लक्षात ठेवलं. खरेदी वहिनीची. कॅप्सूलची धावपळ वहिनीची. पोती घरून आली, ती हिनेच उतरवून घेतली आणि कोणी पाठवली ते सांगायला ती तयार नाही." ती वहिनीकडे वळली. "काल निरीक्षकांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं जेवढं खरं आहे."

"तू माझं नाव दिलंस?" वहिनीने विचारलं.

"मी जे दिसलं ते सांगितलं."

काकांनी "अगं, जरा दम..." असं काहीतरी म्हटलं. दादा बायकोकडे असा बघत होता की जणू तो तिला पहिल्यांदाच पाहतोय. आणि बघताना त्याच्या चेहऱ्यावर शंका आली, क्षणभरच, पण वहिनीने ती टिपली. आप्पांची मान ताटावर होती.

वहिनी उठली. आधी सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं, मग तांब्या जागेवर ठेवला.

"उन्हाळ्याच्या तोंडाला मी कुठे होते, हे ह्या घरात कोणाच्याच लक्षात राहिलेलं दिसत नाही," ती म्हणाली आणि आत गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकाने तिला चौकशीला बोलावलं. कामगारांनी तिला त्याच्या गाडीत बसताना पाहिलं. संध्याकाळी ती घरी परतली, पण तोवर बाजारपेठेत एकच चर्चा होती : सुनेने घात केला.

६

वहिनीचं वाक्य बारकीच्या डोक्यातून जाईना. उन्हाळ्याच्या तोंडाला म्हणजे काय? पोती घरी कधी भरली गेली हे तर कोणी बोललंच नव्हतं. मग वहिनीने नेमका उन्हाळाच का काढला?

ती प्रयोगशाळेत गेली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसली. ह्यावेळी तिने घाई केली नाही. काच इंच इंच सरकवत राहिली. निळे कण गेले, हिरवे तुकडे गेले, लव गेली. आणि मग भिंगाखाली एक कण येऊन थांबला. लांबट, होडीसारखा, मधोमध एकच खाच. शेजारी आणखी एक. पुढे आणखी पाच-सहा, एका पिवळट तुकड्याला चिकटलेले.

ते परागकण होते. मॅग्नोलियाचे.

डीएनएने सांगितलं होतं ‘मॅग्नोलिया’, आणि तिने डोळे झाकून मान डोलावली होती. पान, साल की फूल, हे तिने विचारलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी जो प्रश्न तिच्या तोंडावर मारला होता, तोच प्रश्न ती दुसऱ्यांदा विसरली होती. त्या झाडाचं पान वर्षभर कधीही गळतं. पण फुलं यायची ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मोजकेच आठवडे. तेव्हा त्या फुलांतून काडेपेटीतल्या काड्यांसारखे पुंकेसर खाली सांडतात, अंगण पिवळं होतं. पराग जड असतो, वाऱ्यावर लांब जात नाही. म्हणजे अश्वगंधेची पानं फुलांच्या दिवसांत त्याच झाडाखाली पसरलेली होती.

आणि फुलांच्या दिवसांत वहिनी घरी नव्हती.

तिची आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. वहिनी माहेरी जाऊन राहिली, दादाही तिच्या सोबतीला गेला. शेवटपर्यंत दोघं तिथेच होती आणि सगळं आटोपून मगच परत आली. सावलीत झाडाखाली पानं वाळवायला, एकेक निवडायला घरात तेव्हा एकच माणूस होतं.

बारकीला हे आठवायला एवढा वेळ का लागला, ते तिला ठाऊक होतं. ती भेटायला गेली नव्हती. ‘कळलं, फार वाईट वाटलं’ असा मोबाईलवर एक संदेश टाकून ती मोकळी झाली होती. वहिनीची आई गेली ती कुठल्या महिन्यात, हेही तिच्या मनात उमटलं नव्हतं.

ती भिंगावरून उठली तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण अजून एका माणसासमोर उभं राहायचं बाकी होतं.

७

आप्पा मागच्या अंगणात आरामखुर्चीत बसले होते. तिला पाहून त्यांनी पाय खाली घेतले.

"आप्पा, पानं तुम्ही वाळवलीत."

"हो," आप्पा म्हणाले. "मला वाटलं होतं तू पहिल्याच दिवशी माझ्याकडे येशील."

"तुमचं नाव माझ्या मनातच आलं नाही."

"ते बघितलं मी."

बारकी समोरच्या पायरीवर बसली. भांडायचा जोर घेऊन ती आली होती, तो कुठल्या कुठे गेला. आप्पाच बोलू लागले.

"त्या वर्षी जमिनीत पाणी राहिलं. झाड उपटलं की हातात नुसता चिखल आणि कुजका वास. बाहेर चांगलं मूळ मिळेना. कॅप्सूलची नवी बाटली बाजारात आणायची सगळी तयारी झालेली. पानं मात्र कशी हिरवीगार होती. फेकवेनात गं. म्हटलं, त्याच झाडाची तर आहेत, विष थोडंच आहे? मी स्वतः आधी घेऊन बघितली. मला काही झालं नाही."

"तुम्हाला नाही झालं."

"हो. मला नाही झालं." त्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर घासले. "वर मुळं ठेवली आणि सून माहेरून परतल्या परतल्या तिच्या हवाली केली. तिने विश्वासाने घेतली. परवा निरीक्षक आल्यावर तिला कळलं असणार. पण माझ्याकडे एका शब्दाने बोलली नाही."

"आणि मी तिच्यावर आळ घेतला, तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

"बोलणार होतो. तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत ती उठून गेली. मग वाटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले, तेव्हा मी खिडकीतून बघत होतो." त्यांनी घराकडे पाहिलं. "खिडकीत उभा होतो, बारके. दारापर्यंतसुद्धा गेलो नाही."

मग बारकीने तो प्रश्न विचारला. तो विचारू नये असं तिला वाटत होतं.

"त्या दुपारी तुम्ही माझ्या कामाबद्दल विचारलंत. ते ह्याचसाठी?"

"सुरुवातीला नाही," आप्पा म्हणाले. "सुरुवातीला मी खरंच ऐकत होतो. तू फार छान सांगत होतीस."

बारकीला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

"हे तुझ्याशिवाय कोणाला कळलंय?" आप्पांनी हळूच विचारलं.

"कोणालाच नाही."

"मग असं केलं तर? कोण्या व्यापाऱ्याने फसवून पानं गळ्यात मारली म्हणायचं. सुनेचंही नाव सुटेल, तुझीही सही सुटेल."

आणि बारकीने तो विचार केला. नाही म्हणायला हवं होतं, पण तिने केला. कुठला व्यापारी, काय सांगायचं, निरीक्षकाला पटेल का, इथवर तिचं मन धावून आलं. मग ते कुठे पोचलं हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"कोणता व्यापारी, आप्पा? ज्याचं नाव घेऊ त्याच्याही घरी एखादी वहिनी असेल."

आप्पांनी मान हलवली. खुर्चीचे हात धरून ते उठले, उठताना लेकीने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही.

"निरीक्षकाला फोन लाव," ते म्हणाले. "मी बोलतो. पण आधी सुनेशी."

८

आप्पा वहिनीच्या खोलीत काय बोलले ते कोणालाच कळलं नाही. बाहेर येऊन त्यांनी निरीक्षकाला फोनवर सगळं सांगितलं, आणि दोन दिवसांनी इस्पितळात जायला निघाले तेव्हा वहिनीच्या हातात गाडीची किल्ली होती. दादा आधीच निरीक्षकाबरोबर दुकानादुकानांतून बाटल्या परत गोळा करायला गेला होता. बारकीने आपल्या सहीचे सगळे शिक्के रद्द केल्याचं आणि चाचणीतून काय कळत नाही तेही जाहीर केलं होतं, स्वतःच्या नावानिशी. वहिनी निर्दोष आहे हे त्यात पहिल्याच ओळीत होतं. पण सुनेने घात केला, हे जितक्या झपाट्याने पसरलं होतं तितक्या झपाट्याने हे पसरत नव्हतं.

"मीही येते," बारकी म्हणाली.

"तुझ्याशी मी बोलत नाहीये," वहिनी म्हणाली. "मागे बस."

इस्पितळात वरच्या मजल्यावर परिचारिकेने अडवलं. "कोणाला भेटायचंय? पेशंटचे कोण आपण?"

आप्पांना उत्तर देता येईना. एवढा ताठ चालणारा माणूस, भर रस्त्यात चुकल्यासारखा उभा राहिला.

"हे माझे सासरे," वहिनी पुढे होऊन म्हणाली. "पेशंटच्या नवऱ्याशी ह्यांना बोलायचंय. तुम्ही त्यांना बाहेर बोलवा, आम्ही थांबतो."

चष्मेवाला आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. आप्पांनी हात जोडले नाहीत, पाय धरले नाहीत. सरळ उभं राहून जे केलं ते सांगितलं, पहिल्यापासून, कोणाचंही नाव मध्ये न घेता. बारकी म्हणाली, "आणि तुम्ही आलात त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं नाही, की हा कारखाना आमचा आहे."

चष्मेवाल्याने दोघांकडे पाहिलं. त्याची मूठ वळली आणि सुटली.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "आजारी ती आहे. कालपासून जरा उतार आहे, डॉक्टर म्हणतात वाचेल. जागी आहे. आत चला आणि तिला सांगा."

आप्पा त्याच्या मागोमाग आत गेले. दार अर्धवट उघडं राहिलं. वहिनी आणि बारकी बाहेरच्या बाकावर बसल्या, दोन टोकांना.

"वहिनी, तुझ्या आईच्या वेळी मी आले नाही."

"नाही आलीस."

"आणि जे मी तुला सगळ्यांसमोर... मला माफ..."

"आज नाही," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "आणि उद्या पुन्हा विचारू नकोस. मला वाटेल तेव्हा मीच सांगेन. कदाचित नाहीही वाटणार."

बारकीने मान हलवली. आतून आप्पांचा आवाज येत होता, तुटक तुटक. मुळं कुजली ते, पानं निवडली ते, स्वतः घेऊन बघितली ते. मग आवाज थांबला. आता ती बाई काय बोलेल? ओरडेल, शाप देईल, जा म्हणेल, आणि जे म्हणेल ते बरोबरच असेल.

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा आवाज अगदी क्षीण होता, पण स्पष्ट ऐकू आला.

"तुम्हीही घेतली होतीत ना ती पानं? मग तुम्ही स्वतःचं रक्त तपासून घेतलंत का? ह्या वयात हयगय करू नका."

आत कोणीतरी हमसून रडू लागलं. ते आप्पा आहेत हे कळायला बारकीला वेळ लागला, कारण तिने त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं.

वहिनी उठली, डोळे पुसले आणि आत गेली. बारकीलाही जावंसं वाटलं. ती अर्धवट उठलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की तिला कोणी बोलावलेलं नाही, आणि ती पुन्हा बाकावर बसली.